दोन फुटी प्लँटेड टँकमध्ये कोणते मासे एकत्र नांदतात? रंग नंतर बघा, आधी तोंड बघा!

रविवारची सकाळ. शोभेच्या माशांचं दुकान. हातात पाच प्लास्टिकच्या पिशव्या, तोंडाला रबर बांधलेल्या. एकीत दोन एंजल, दुसरीत सहा निऑन टेट्रा, तिसरीत दोन टायगर बार्ब, चौथीत चार गप्पी आणि पाचवीत "हा काच साफ ठेवतो, घेऊनच जा" म्हणून दिलेला एक सकर.

निघता निघता मी दुकानदाराला विचारलं, "हे सगळे एकत्र राहतील ना?"

तो म्हणाला, "राहतात की. आमच्याकडे बघा ना, राहतायत."

आणि खरंच राहत होते. आता ही अशी गोष्ट आहे जी मला बऱ्याच उशिरा कळली. दुकानातला मासा चार दिवसांचा पाहुणा असतो. तो लहान असतो, टाकीत इतकी गर्दी असते की कुणालाच स्वतःचा कोपरा धरता येत नाही आणि भांडण रंगायच्या आत त्यातला एक विकला जातो. एसटी स्टँडवर चार तास शेजारी बसलेली माणसं भांडत नाहीत म्हणून ती एका घरात वर्षभर राहतील असं आपण म्हणतो का?

घरी दुसऱ्या आठवड्यात गप्प्यांच्या शेपट्या कातरलेल्या दिसायला लागल्या. ते काम टायगर बार्बचं. तीन महिन्यांनी निऑन मोजले तर चारच. मला वाटलं फिल्टरमध्ये अडकले असतील, म्हणून फिल्टर उघडून पाहिला. त्यात काही नव्हतं. पुढच्या महिन्यात एकच निऑन उरला, तोही झाडामागे लपलेला. दोन्ही एंजल मात्र चांगले तजेलदार झाले होते.

तुम्ही घरात झाडं लावलेला छोटा टँक सुरू करायचा विचार करत असाल, तर त्यात कोण कोणासोबत राहू शकतं हे आधी समजून घ्या. लग्न जमवताना पत्रिका बघतात तसं इथेही बरंच काही जुळावं लागतं. फक्त इथली पत्रिका खरी असते.

टाकी नक्की केवढी?

आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो दोन फुटी टँक. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणाकार करा आणि ६१ ने भागा, म्हणजे लीटर येतात. या टाकीचे होतात सुमारे ५६. त्यातून तळाची माती, दगड, लाकूड आणि वरची दोन बोटं रिकामी जागा वजा केली की हातात राहतं साधारण ४५ लीटर पाणी. म्हणजे आंघोळीच्या दोन-तीन बादल्या. एवढ्याच पाण्यात माशांना खायचं, प्यायचं, शी-शू करायचं आणि श्वासही घ्यायचा.

"एक इंच माशाला एक गॅलन पाणी" हा नियम तुम्ही कुठेतरी ऐकला असेल. छोट्या सडपातळ माशांपुरता तो ठीक आहे, पण मोठ्या माशाला लावला की फसतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, जवळपास आठपट होतं. दहा इंची गोल्डफिश म्हणजे एक-एक इंचाचे दहा निऑन नव्हेत. ती जितकं खाते आणि जितकी घाण करते, तितकं दहा निऑनना मिळून जमणार नाही.

म्हणून दुकानात आज दिसणारी लांबी धरू नका, पूर्ण वाढ विचारा. तो बोटाएवढा सकर दीड फुटापर्यंत वाढू शकतो. एंजल हाताच्या पंजाएवढा होतो आणि त्याचे वरखालचे पर धरले तर त्याला लांबीपेक्षा उंची जास्त लागते. गोल्डफिश वीतभर होते, तिला आपल्या बाकीच्या माशांपेक्षा थंड पाणी मानवतं आणि कोवळी झाडं ती कोथिंबिरीसारखी खाऊन टाकते. फेंगशुईत आठ सोनेरी आणि एक काळा अशा नऊ गोल्डफिश ठेवायला सांगतात. ज्याची त्याची श्रद्धा. पण ४५ लीटरमध्ये नऊ गोल्डफिश ठेवल्या तर घरात काय येईल ते माहीत नाही, टाकीत अमोनिया मात्र नक्की येईल.

तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं?

माशांची यादी करण्याआधी हा प्रश्न विचारा. बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

मुंबई-पुण्याकडे महापालिकेचं पाणी सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं, धरणातून आलेलं. ते सहसा मऊ असतं, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार कमी. सोसायटीला बोअरचं पाणी असेल तर गोष्ट उलटी. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, नळाच्या तोंडाशी खडूसारखं काहीतरी जमतं, साबणाला फेस येत नाही. हे कठीण पाणी.

निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या वरच्या भागातल्या मऊ, किंचित आम्लधर्मी, चहासारख्या रंगाच्या पाण्यातून आलेला. गप्पीला उलट क्षारांचं पाणी आवडतं. दोघेही गरीब स्वभावाचे, एकमेकांना बोटही लावणार नाहीत. पण एकाला मानवणाऱ्या पाण्यात दुसरा कायम थोडा आजारी राहतो. हे भांडण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण "कशाने मेला कळलंच नाही" म्हणून मोकळे होतो.

त्यामुळे सोपा मार्ग असा, की पाण्याप्रमाणे मासे निवडा, माशांप्रमाणे पाणी बदलायच्या फंदात पडू नका. धरणाचं पाणी असेल तर टेट्रा, रासबोरा, गुरामी. बोअरचं असेल तर गप्पी, प्लॅटी. घरच्या आरओचं पाणी थेट ओतू नका. त्यातले क्षारच काढून टाकलेले असतात, मासे आणि झाडं दोघांनाही ते लागतात. आणि नळाचं कुठलंही पाणी टाकीत घालण्याआधी अँटी-क्लोरीनचे थेंब हवेतच.

मे महिन्याचं काय?

परदेशातले व्हिडिओ हीटर कुठला घ्यावा हे सांगतात. आपला प्रश्न बरोबर उलटा आहे. मे महिन्यात बंद फ्लॅटमधल्या टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर सहज जातं. निऑन साधारण २१ ते २५ अंशांतला मासा, पांडा कोरीडोरसही थंड पाण्याचा. ते लगेच मरत नाहीत, पण अशक्त होतात आणि मग एखादा बारीकसा रोगही पुरतो.

त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लीटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण साडेसात. दिवसा झाडं ऑक्सिजन सोडतात, पण दिवा बंद झाला की तीही माशांसारखीच ऑक्सिजन घ्यायला लागतात. म्हणून दाट झाडांच्या आणि जास्त माशांच्या टाकीत सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पहाट. सकाळी उठल्यावर मासे वर येऊन तोंड उघड-बंद करताना दिसले तर ते तुम्हाला गुड मॉर्निंग करत नाहीयेत. रात्री एअर पंप चालू ठेवा आणि मासे कमी करा.

उपाय माठाचाच आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा छोटा पंखा बसवला की बाष्पीभवन होऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे कूलरसारखं छान चालतं, मुंबईच्या दमट हवेत कमी चालतं. म्हणून मुंबईकरांनी आणि कोकणातल्या मंडळींनी सरळ उष्णता सोसणारे मासे घ्यावेत. निऑनऐवजी दिसायला जवळपास तसाच असलेला कार्डिनल टेट्रा किंवा केशरी ठिपक्यासारखा एम्बर टेट्रा. हे २८ अंशांनाही आरामात राहतात.

आता तोंड बघा

माशांच्या जगात एक नियम जवळपास सगळीकडे लागू पडतो. जे तोंडात मावतं ते खाद्य.

एंजल वाईट नाही. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातलाच, निऑनच्या मुलखातला. चपटं अंग हे पाणवनस्पतींच्या उभ्या दांड्यांमध्ये लपून शिकार गाठायला सोयीचं आहे, आणि त्याच्या भक्ष्यात निऑनसारखे छोटे सडपातळ मासे येतात. लहानपणी दोघं सोबत वाढलेले दिसतात, पण एंजलचं तोंड वाढतं, निऑन चार सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. "एकाच नदीतले आहेत, जमेल त्यांचं" हा युक्तिवाद म्हणूनच कामाचा नाही. एकाच गावात मांजर आणि उंदीरही असतात.

मासा निवडताना बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. टाकीतल्या सगळ्यात मोठ्या माशाचं तोंड आणि सगळ्यात छोट्या माशाचं अंग, दोन्ही पूर्ण वाढीचे धरून, डोळ्यांसमोर आणा. मावत असेल तर ती जोडी विसरा. कोळंबी ठेवायची असेल तर हिशेब आणखी कडक. चेरी श्रिम्पची पिल्लं तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असतात, जवळपास प्रत्येक मासा ती खातो. टाकीत मॉसचा दाट गुच्छ असेल तर काही वाचतात.

शेपटी कातरणारे आणि शेपटी मिरवणारे

टायगर बार्ब, काळा विडो टेट्रा हे कातरणारे. फायटर, गप्पी, एंजल हे लांब शेपट्या आणि पर मिरवणारे. यांना एकत्र आणायचं नाही, संपलं.

विडो टेट्रावरून आठवलं. दुकानात तो कधी गुलाबी, कधी निळा, कधी हिरवा दिसतो. बऱ्याचदा तो रंग कृत्रिमरीत्या चढवलेला असतो आणि काही महिन्यांत उतरतो. त्यासाठी माशाला जे सोसावं लागतं ते ऐकलं तर तुम्ही घेणार नाही. घेऊ नका.

फायटरचं वेगळंच आहे. दोन नर एकत्र ठेवू नयेत हे सगळ्यांना माहीत असतं. पण रंगीत, पसरट शेपटीचा नर गप्पीसुद्धा त्याला दुसऱ्या फायटरसारखा वाटू शकतो आणि मग त्या गप्पीची धडगत नसते. थायलंडहून आलेला हा मासा गरम पाणी सोसतो, वरून हवाही घेतो, झाडांत आराम करतो. छोट्या प्लँटेड टँकला तो शोभतो, पण राजासारखा एकटा किंवा फार तर तळाशी वावरणाऱ्या शांत माशांसोबत.

दोन-दोन घेऊ नका

आपली सवय असते, प्रत्येकातले दोन द्या. भाजी नाही ही. टेट्रा, रासबोरा, कोरीडोरस हे थव्यात जगणारे मासे आहेत. दोन निऑन ठेवले तर ते लपून बसतात, रंग फिकट पडतो, खाणं सुटतं. आठ-दहा ठेवले की उघड्यावर येऊन फिरतात. टायगर बार्बचं याच्या उलट दिसतं, कारण तेच. थव्यात ते आपापसांत मस्ती करतात, दोनच असले की ती मस्ती शेजाऱ्यांवर निघते. माझ्या गप्प्यांच्या शेपट्या अर्ध्याअधिक माझ्याच चुकीने गेल्या, बार्बच्या नव्हे.

म्हणून छोट्या टाकीत दहा जाती नकोत. दोन, फार तर तीन, आणि त्यांनी टाकीचे मजले वाटून घेतलेले असावेत. एक मधल्या पाण्यातला थवा, एक तळाचा थवा, वर एखादा मानाचा मासा.

मग घ्यायचे तरी कोणते?

धरणाचं पाणी आणि दोन फुटी टाकी असेल तर माझी आवडती जुळवणी सांगतो. दहा एम्बर टेट्रा, सहा पिग्मी कोरीडोरस आणि एक हनी गुरामी. एम्बर टेट्रा जेमतेम दोन सेंटीमीटरचा, हिरव्या झाडांपुढे त्याचा केशरी रंग उठून दिसतो. पिग्मी कोरी अडीच सेंटीमीटरची, तळाला बारीक वाळू मात्र हवी. धारदार खडीवर कोरींच्या मिशा झिजतात. त्यांना पाणी २६ अंशांच्या आसपास बरं, म्हणून उन्हाळ्यात पंखा हवाच.

आणि हनी गुरामी तर आपलीच. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली, फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात तिची पहिल्यांदा शास्त्रीय नोंद केली. पाच सेंटीमीटरची, मधाच्या रंगाची, अतिशय भित्री. दुकानात तिच्याशेजारी निळे-लाल पट्टे असलेली ड्वार्फ गुरामी दिसेल. ती जास्त देखणी आहे हे मान्य, पण नर आपापसांत भांडकुदळ असतात आणि त्या जातीत एक विषाणूजन्य रोग बराच आढळतो, ज्यावर औषध नाही. मी हनीच घेईन.

हॅमिल्टनच्या त्याच ग्रंथात झेब्रा डॅनिओसुद्धा आहे. चिवट, स्वस्त, जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा आपला मासा. पण तो सतत धावत असतो आणि भित्री हनी गुरामी खाण्यापर्यंत पोचायच्या आत सगळं फस्त करतो. डॅनिओ हवेत तर आठ-दहा डॅनिओंचीच टाकी करा आणि गुरामी सोडा.

एम्बर मिळाले नाहीत तर हार्लेक्विन रासबोरा. तो रुंद पानाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवतो, त्यामुळे झाडांच्या टाकीत त्याला खरंच घरच्यासारखं वाटतं.

बोअरचं पाणी असेल तर सहा नर गप्पी. फक्त नर! डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं डबक्यांत गप्पी सोडतं, ते ज्या कारणाने तिथे टिकतात तेच घरी डोकेदुखी होतं. मादी साधारण महिन्याला पिल्लं घालते आणि नराचं बीज अंगात साठवून ठेवते, त्यामुळे नुसत्या माद्या आणल्या तरी काही महिने पिल्लं होत राहतात.

दोन देशी मासे मात्र मोहात पाडतात, त्यांना नाही म्हणा. एक मिस केरळ. पश्चिम घाटातल्या नद्यांतली, लाल-काळ्या पट्ट्याची, धोक्यात आलेली जात. ती वीतभर वाढते आणि थव्याने वेगात पोहते, तिला चार-पाच फुटी टाकी लागते. दुसरा पी पफर, केरळ-कर्नाटकातला वाटाण्याएवढा गोंडस मासा. दिसायला बाळसेदार, पण गोगलगायी फोडून खातो आणि शेजाऱ्यांचे पर तोडतो. त्याला फक्त त्याच्याच जातीसोबत ठेवतात.

आधी झाडं, मग मासे

टाकी भरली त्याच दिवशी मासे आणू नका. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. झाडं अमोनिया शोषतात म्हणून प्लँटेड टँकला थोडी सवलत मिळते, पण झाडांनी मूळ धरून नवी पानं फेकेपर्यंत तरी थांबा. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, जावा फर्न, अनुबियास एवढ्यावर सुरुवात होते. अनुबियास आणि जावा फर्नचा जाड कंद मातीत पुरू नका, कुजतो. लाकडाला दोऱ्याने बांधा.

मग आधी टेट्रा. दोन आठवड्यांनी कोरी. गुरामी किंवा फायटर सगळ्यात शेवटी, कारण असा मासा आधी आला की सगळी टाकी स्वतःची समजतो. नंतर आला की त्यालाच जुळवून घ्यावं लागतं.

दुकानात मासा पिशवीत भरण्याआधी "जरा खायला टाका" म्हणून सांगा. खात नसेल, पोट खपाटीला गेलं असेल, अंगावर मिठासारखे ठिपके असतील, तर घेऊ नका. त्याच टाकीतला दुसराही घेऊ नका. घरी पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, टाकीचं पाणी तिच्यात थोडं थोडं घाला आणि मग जाळीने मासा उचलून सोडा. दुकानाचं पाणी बेसिनमध्ये.

आणि चुकून नको तो मासा आलाच, तर तो नदीत, तळ्यात, विहिरीत सोडून पुण्य कमवू नका. असेच सोडलेले आणि निसटलेले सकर आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळीपासून केरळ-आंध्रपर्यंत पसरलेत. त्यांच्या काटेरी परांनी मासेमारांची जाळी फाटतात.

माझे एंजल मी त्याच दुकानात परत नेले. आता ते चांगले पंजाएवढे झाले होते, दुकानदार खूश झाला. पैसे नाही दिले, हायड्रिलाच्या दोन जुड्या दिल्या. सकरला कुणी घेईना, शेवटी मोठी टाकी असलेल्या एका मित्राकडे पोचवला. तो उरलेला एकटा निऑन नंतर नऊ नव्या कार्डिनलांच्या थव्यात मिसळून गेला. लांबून ओळखू येत नाही, पण जवळ गेलं की त्याचा लाल पट्टा शेपटीपासून अर्ध्या पोटापर्यंतच दिसतो, बाकीच्यांचा थेट डोक्यापर्यंत.